नमुन्याविना विणकाम : उरलेल्या लोकरीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लोकरीच्या उरलेल्या गुंड्यांतून विणलेल्या एका भिंतपटाचे छायाचित्र आम्ही छापले होते. सुमारे तीन फूट रुंदीच्या त्या पटात क्रोशाचे आणि दोन सुयांचे विणकाम एकमेकांत मिसळलेले होते आणि तो कोणताही नमुना समोर न ठेवता केलेला असल्याचे छायाचित्राखाली नमूद केले होते. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, थोडी आटोपशीर करून, त्यांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे पत्र्याची एक ट्रंक भरून उरलेली लोकर आहे. चाळीस वर्षे स्वेटर, मफलर आणि नात्यागोत्यातले बाळंतविडे विणले, त्यांतले हे शिल्लक गुंडे. एकही गुंडा धड एका टोपड्याला पुरणार नाही. आपण छापलेला पट पाहून दोनदा सुया हातात घेतल्या, पण किती टाके घालायचे हेच न कळल्याने खाली ठेवल्या. नमुन्याशिवाय सुरुवात करायची तरी कशी?
(एक वाचिका, सातारा)

उत्तर : ज्यांनी आयुष्यभर नमुना वाचून विणले त्यांनाच हा प्रश्न पडतो, ज्यांना क्रोशाचे साखळी आणि खांब हे दोनच टाके जेमतेम येतात त्या बेधडक सुरुवात करतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. स्वेटर विणताना आपण शेवटापासून मागे येतो. छाती इतकी, लांबी इतकी, म्हणून टाके इतके. मुक्त विणकामात शेवट कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे टाक्यांची संख्या आधी ठरवण्याला अर्थच उरत नाही. तेव्हा पट विणायचा आहे हा विचार काही दिवस बाजूला ठेवा आणि तळहाताएवढा एक तुकडा विणा. इंग्रजीत अशा तुकड्याला ‘स्क्रम्बल’ असा एक गमतीदार शब्द आहे. मी त्याला तुकडाच म्हणते.

ट्रंक सतरंजीवर पालथी करा आणि एकमेकांच्या जवळचे चार रंग व त्यांच्याशी अजिबात न जुळणारा एक, असे पाच गुंडे उचला. ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई घेऊन सहा साखळ्यांचा गोल करा आणि त्यात आठ-दहा खांब भरा. मात्र गोल पूर्ण न करता तो पंख्यासारखा अर्धाच ठेवून धागा तोडा. दुसरा रंग घेऊन पंख्याच्या गोल कडेवर एक ओळ घाला, पण ती एकसारखी नको. एका टोकाला मुके खांब, पुढे अर्धे खांब, मग पूर्ण खांब आणि शेवटी लांब खांब असे घातले, की ती ओळ एका बाजूला बोटाच्या पेराइतकी रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होते. या एका ओळीने तुकड्याचा सारखेपणा मोडतो आणि त्याला एक कल येतो. आता पंख्याची जी सरळ बाजू मोकळी राहिली आहे, तिच्या कडेतून आठ नंबरच्या सुईवर दहा-बारा टाके उचला, सगळ्या ओळी सुलट विणा आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस एक टाका कमी करीत जा; एक लहानसा त्रिकोण तयार होईल. (आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. नव्या पिढीतल्या मुली मिलिमीटरमध्ये बोलतात आणि आपण नंबरांत, म्हणून हा खुलासा.)

एवढे झाले की थांबा. तुकडा हातभर लांब धरा, चारी बाजूंनी फिरवून पाहा आणि जी कड रिकामी किंवा आखडलेली वाटेल तिथेच पुढचा रंग लावा. एका रंगाच्या सलग दोन ओळींपेक्षा अधिक घालायच्या नाहीत, एवढा एकच निर्बंध मी सुरुवातीला स्वतःवर घालून घेतला होता आणि तो नवशिक्यांना आजही सांगते, कारण हाताला सवय लागलेली असते ती ओळीमागून ओळ विणत जाण्याची, आणि ती सवय मोडल्याखेरीज डोळा काम करू लागत नाही. तुकडा वीतभर झाला की तो बाजूला ठेवून नवा सुरू करा. पंधरा-वीस तुकडे जमल्यावर, रद्दीची वर्तमानपत्रे चिकटवून हव्या त्या आकाराचा कागद तयार करा, त्यावर तुकडे मांडा, सरकवा, पालटा. जे शेजारी शोभतील ते आधी टाचण्यांनी आणि मग टाक्यांनी जोडायचे. मधल्या फटी मोजून पाहून, त्या फटीच्या आकाराचे छोटे तुकडे विणून भरायचे. खरे सांगायचे तर या कामातली सगळी मौज या फटी भरण्यात आहे. मी स्वतः मोठे तुकडे घाईने उरकते आणि फटींवर महिनाभर रेंगाळते.

गुंडा अगदीच लहान असेल तर तो ओळीला पुरेल की नाही हे आधीच समजलेले बरे. दोन सुयांच्या विणकामात ओळीच्या रुंदीच्या साधारण चौपट धागा हाताशी असला तर ती ओळ पूर्ण होते. क्रोशाला त्याहून अधिक लागतो. चौपटीपेक्षा कमी उरला असेल तर त्या धाग्याचा एक पॉपकॉर्न करावा. एकाच टाक्यात पाच खांब घालायचे, सुई काढून घ्यायची, ती पहिल्या खांबाच्या डोक्यात घालून सोडलेला फासा त्यातून ओढून घ्यायचा. मक्याच्या लाहीसारखा फुगीर दाणा उभा राहतो आणि हातभर धागा सत्कारणी लागतो.

प्रश्न : मी मधल्या गोलापासून विणत बाहेर येते. कधी त्याची वाटी होते, तर कधी कडेला झालर पडते. सपाट काही बसत नाही. माझे काय चुकते आहे?
(एक वाचिका, कराड)

उत्तर : वाटी आणि झालर या दोन्हींचे कारण एकच आहे. मुक्या खांबांचा गोल सपाट राहावा यासाठी प्रत्येक फेरीत सुमारे सहा टाके वाढावे लागतात, अर्ध्या खांबांच्या गोलाला आठ आणि पूर्ण खांबांच्या गोलाला बारा. खांब जितका उंच तितकी नवी फेरी मध्यापासून अधिक दूर जाते आणि तिला परीघही तितकाच मोठा लागतो. वाढ कमी पडली की परीघ आखडतो आणि कडा वर उचलल्या जाऊन वाटी होते; वाढ जास्त झाली की परकराच्या घेरासारखी ती कड आपल्या जागेत मावत नाही आणि तिला झालर पडते.

मुक्त विणकामात एकाच फेरीत तीन उंचींचे खांब येत असल्याने हा हिशेब आकड्यांनी करता येत नाही. म्हणून दर दोन फेऱ्यांनंतर तुकडा टेबलावर ठेवून, त्यावर हात न दाबता पाहावे. दाबून पाहिले की सगळेच सपाट दिसते आणि आपली फसगत होते. जिथे कड ओढली जात असेल तिथे पुढच्या ओळीत एका टाक्यात दोन खांब घालावेत, जिथे कड लाटेसारखी उठत असेल तिथे एखादा टाका गाळावा.

मात्र झालरीला दोष म्हणण्यापूर्वी एक हकिकत ऐका. लाटवियात जन्मलेल्या आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डाइना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली हीच झालर मुद्दाम, हिशेबाने विणली. ज्याला हायपरबोलिक प्रतल म्हणतात, त्या भूमितीतल्या पृष्ठभागाची कागदी प्रतिकृती त्यांच्या पाहण्यात आली होती. कागद हाताळताना फाटतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असे काही तरी हवे, या गरजेतून त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत तो पृष्ठभाग विणून दाखवला. आपण शाळेत शिकलो की रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा जाते. या झालरीच्या पृष्ठभागावर मात्र मूळ रेषेला कधीही न भेटणाऱ्या अशा कितीतरी रेषा त्याच बिंदूतून काढता येतात, आणि लोकरीवर दोरा शिवून त्या प्रत्यक्ष दाखवता येतात. पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी, लॉस एंजेलिसमधील आपल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग’ या संस्थेमार्फत, २००५ साली याच युक्तीने लोकरीची प्रवाळबेटे विणण्याचा उपक्रम सुरू केला. समुद्र तापल्याने पांढऱ्या पडत चाललेल्या प्रवाळांकडे लोकांचे लक्ष जावे हा त्यामागचा हेतू होता. या प्रवाळांच्या झालरी आणि आपल्या तुकड्याची झालर, दोहोंमागचे गणित एकच आहे.

करून पाहायचे असेल तर वीस साखळ्या घाला आणि मुक्या खांबांच्या ओळी विणताना प्रत्येक चौथ्या टाक्यात दोन खांब घाला. पाच-सहा ओळींत गौरीपुढे ठेवतात त्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा दिसू लागतो. पुरेशी लोकर घेऊनच बसा, कारण या विणीची भूक विलक्षण असते. वीस टाक्यांची ओळ दहा ओळींनंतर पावणेदोनशे टाक्यांच्या घरात जाते. मी पहिल्यांदा केले तेव्हा आठव्या ओळीच्या मध्यावर जांभळी लोकर संपली आणि उरलेली अर्धी कड नाइलाजाने पोपटी झाली. तीच पुढे सर्वांना आवडली.

प्रश्न : मला क्रोशे येते, दोन सुयांचे विणकाम येत नाही. चालेल का?
(एक वाचक, फलटण)

उत्तर : उत्तम चालेल. क्रोशात एका वेळी एकच फासा सुईवर असतो, त्यामुळे वाटेल तिथे वळता येते आणि चुकले तर ओळभर टाके सुटण्याची भीती नसते. सुलट टाका मात्र सवडीने शिकून घ्या, कारण नुसत्या क्रोशाचा पट जरा ताठर होतो आणि दोन सुयांचा लवचीक भाग मध्ये आला की तो मोकळा होतो.

प्रश्न : माझ्याकडे टू प्लाय आणि फोर प्लाय लोकर, थोडी जाड लोकर आणि यंत्रमागावरच्या सुताचे उरलेले कोन आहेत. हे सगळे एकत्र विणले तर जाड भाग बारीक भागाला ओढतो. शिवाय कोणती लोकर खरी आणि कोणती अॅक्रिलिक हेही आता आठवत नाही.
(एक वाचिका, विटा)

उत्तर : गुंड्यावरची चिठ्ठी हरवली की प्लायच्या आकड्यावर विसंबू नये. पेन्सिलीवर एक इंचाची खूण करून धागा शेजारी शेजारी, न ताणता गुंडाळावा आणि वेढे मोजावेत. ज्या दोन धाग्यांचे वेढे जवळपास सारखे भरतील ते एकमेकांशेजारी निर्धास्त विणावेत. बारीक धाग्याचे दोन किंवा तीन पदर एकत्र घेऊन पुन्हा गुंडाळून पाहिले, की जाड लोकरीला जोडीदार सापडतो. आपल्या कोनावरचे सूत फारच बारीक असेल. त्याचे पाच-सहा पदर लागतील. दोन वेगळ्या रंगांचे पदर एकत्र घेतले तर जो तिसराच मिश्र रंग दिसतो तो कोणत्याही दुकानात मिळत नाही, हा वरचा लाभ.

सुताबद्दल एक इशारा दिला पाहिजे. सूत ताणले जात नाही आणि लोकरीपेक्षा जड असते. ते पटाच्या मध्यभागी मोठ्या प्रमाणात वापरले तर काही महिन्यांत तेवढाच भाग खाली ओघळतो. त्याचा उपयोग कडा बांधण्यासाठी किंवा तयार विणीवर रेघ काढण्यासाठी करावा. धागा विणीच्या मागे धरायचा, क्रोशाची सुई पुढून आत घालून एकेक फासा वर ओढून घ्यायचा. विणीच्या अंगावर साखळीची रेघ उमटत जाते आणि ती कोणत्याही दिशेला वळवता येते.

लोकर ओळखण्यासाठी बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, मोरीत जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली राख चिमटीत चुरडते. अॅक्रिलिक वितळते, उग्र वास सोडते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळते. ही परीक्षा टाळू नये, कारण खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून तिचा नमदा (घट्ट, दाट थर) होतो आणि अॅक्रिलिक होते तेवढेच राहते. दोन्ही एका पटात असतील आणि तो पट कोणी गरम पाण्यात बुडवला, तर लोकरीचे भाग आखडतील आणि बाकीचे फुगून बाहेर येतील. लाल आणि मरून सुती धागा विणण्यापूर्वी ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवावा. रंग जातो की नाही ते तिथेच कळते.

प्रश्न : माझे सगळे उरलेले रंग बाळंतविड्यांचे आहेत, म्हणजे फिका गुलाबी, फिका निळा, पिवळा आणि पांढरा, त्यात शाळेच्या स्वेटरचा मरून आणि नेव्ही ब्ल्यू. जे काही विणले ते पाहून घरातले म्हणाले, ‘ही तर वाकळ झाली.’
(एक वाचिका, तासगाव)

उत्तर : घरातल्यांनी नकळत आपली स्तुतीच केली आहे. जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या चिंध्यांतून वाकळ शिवणाऱ्या बायकांनी गडद पट्टा कोठे द्यायचा आणि पांढऱ्या तुकड्याशेजारी काय ठेवायचे याचा विचार केलेला असे. आपला प्रश्न तोच आहे.

आपल्या रंगांत अडचण रंगांची नसून उजळ-गडदपणाची आहे. चार रंग एकाच उजळपणाचे आणि दोन एकदम काळोखे, मधल्या पायऱ्या नाहीत. सगळे गुंडे ओळीने मांडून मोबाइलवर छायाचित्र काढा आणि ते कृष्णधवल करून पाहा. फिका गुलाबी, फिका निळा आणि पिवळा एकाच करड्या छटेत विरून गेलेले दिसतील. आता या मधल्या जागेसाठी राखी, मातकट, शेवाळी किंवा तपकिरी असे दोन गुंडे मात्र विकत घ्या. उरलेल्या लोकरीच्या कामात विकत घेतलेली लोकर नको, असा बाणा काही जणी बाळगतात. मला तो पटत नाही. दोन गुंड्यांच्या खर्चात ट्रंकभर लोकर मार्गी लागत असेल तर तो खर्च करावा. लोकर न घेताही मधल्या छटा मिळतात. फिक्या गुलाबीचा एक पदर आणि मरूनचा एक पदर एकत्र विणा, फिक्या निळ्याबरोबर नेव्ही ब्ल्यू विणा.

पांढऱ्याबाबत हात आखडता घ्यावा. पांढरा ठिपका लांबून सर्वांत आधी दिसतो आणि चार ठिकाणी विखुरला की नजर चारीकडे ओढतो. पावसाळ्याच्या अखेरीला कास पठारावर गेला असाल तर आठवून पाहा. तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग गालिच्यासारखा सलग पसरलेला असतो, आणि गेंदाचे पांढरे बोंड त्यात कोठे कोठे उभे असते. शिवाय या सगळ्यांच्या खाली काळा कातळ आणि ओले हिरवे गवत असते. ते डोळ्यांना जाणवत नाही, पण ते नसते तर गुलाबी रंग इतका गुलाबी दिसला नसता. आपला मरून आणि नेव्ही ब्ल्यू त्या कातळाच्या जागी येऊ द्या. त्यांच्या मोठ्या ठिगळांऐवजी फिक्या तुकड्यांच्या मधून जाणाऱ्या, कोठे एका ओळीच्या तर कोठे तीन ओळींच्या रेघा विणा.

प्रश्न : आमच्या भागात धनगरांकडे मेंढीच्या लोकरीचे हाताने कातलेले सूत मिळते, घोंगड्यांसाठी ते वापरतात. ते अशा कामात चालेल काय?
(एक वाचक, जत)

उत्तर : चालेल असे म्हणणे अपुरे ठरेल, मला तर हेच सूत हवे असते. दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळी किंवा काळ्या-करड्या मिश्रणाची असते. स्वेटरला ती टोचते, परंतु भिंतीवरचा पट कोणी अंगात घालत नाही. तिच्यात काळ्याच्या इतक्या छटा असतात की कारखान्यातून रंगवून आलेला सपाट काळा तिच्याशेजारी निर्जीव दिसतो, आणि अॅक्रिलिकच्या चमकदार गुलाबी-पिवळ्याला ती जमिनीवर आणते.

हाताने कातलेले सूत कोठे जाड, कोठे बारीक असते. म्हणून ५ किंवा ६ मिलिमीटरची मोठी क्रोशाची सुई घेऊन सैल हाताने विणावे. बारीक सुईने विणल्यास जाड भाग फाशातून ओढताना पदर सुटतात. माग लावण्यापूर्वी घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, घोंगड्या विणणारे सणगर लोक चिंचोक्याची खळ देतात. आपल्याला मिळालेले सूत असे खळीचे असेल तर ते काडीसारखे ताठ लागेल. कोमट पाण्यात भिजवून, न चोळता, दोन-तीनदा पाणी बदलून खळ काढावी आणि लडी सावलीत वाळवाव्यात. मेंढीच्या लोकरीचा वास पहिले काही दिवस राहतो, पावसाळ्यात पुन्हा जाणवतो. ज्यांना तो खपत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

जुनी घोंगडी घरात असेल तर तिचा चांगला राहिलेला भाग पटाच्या मागे अस्तर म्हणून किंवा थेट पटाची भूमी म्हणूनही वापरता येतो. कडेला जाड दोऱ्याने घोंगडी टाके घालून, त्या टाक्यांत क्रोशाची सुई अडकवून तिथूनच विणायला सुरुवात करता येते.

प्रश्न : मी निवृत्त झाल्यावर पत्नीकडून क्रोशे शिकलो आणि चार फुटांचा पट पूर्ण केला. भिंतीवर लावल्यावर महिन्याभरात तो मध्ये लोंबू लागला आहे. इस्त्री करून तो सरळ होईल का? आमच्या घरी पावसाळ्यात भिंतींना ओलही येते.
(एक वाचक, वाई)

उत्तर : इस्त्री मुळीच करू नये. माझा पहिला मोठा पट मी स्वतःच्या हाताने असाच मारला आहे. एक कोपरा मुडपत होता म्हणून त्यावर गरम इस्त्री टेकवली. अॅक्रिलिकचे फुगीर दाणे क्षणात चपटे झाले, धाग्यातली उसळी गेली आणि तो कोपरा ओल्या पोळीसारखा लुळा पडला. असे झालेले अॅक्रिलिक पुन्हा पूर्ववत होत नाही. वाफ द्यायचीच असेल तर पट उलटा करून, कडा टाचण्यांनी जाड सतरंजीवर ताणून बसवाव्यात, इस्त्री विणीपासून दोन बोटे वर धरून फक्त वाफ सोडावी आणि पूर्ण निवेपर्यंत टाचण्या काढू नयेत. खऱ्या लोकरीचा भाग पाणी शिंपडून, ताणून, तसाच वाळू दिला तरी आकार धरतो.

लोंबण्यावर मात्र वाफ हा इलाज नव्हे. चार फुटांची वीण आपल्याच वजनाने खाली येते, आणि दोन खिळ्यांवर टांगली असेल तर खिळ्यांमधला भाग झोळी होतोच. एका प्रदर्शनात माझा पट आयोजकांनी दोन कोपऱ्यांना खिळे ठोकून लावला होता. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कोपऱ्यांतली वीण बोट जाईल इतकी फाकली होती. मागे मांजरपाटाचे अस्तर द्यावे. मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्यावा, पटापेक्षा इंचभर लहान कापावा आणि पट सपाट जमिनीवर पसरून अस्तर त्याला नुसते कडेने न शिवता, मध्येही दर चार-पाच इंचांवर लपते टाके घालून धरावे, म्हणजे वजन विणीवर न येता कापडावर येते. अस्तराच्या वरच्या कडेला रुंद नेफा शिवून त्यातून पडद्याचा दांडा किंवा वेळूची सरळ काठी घालावी आणि ती तीन ठिकाणी टेकवावी.

ओलीसाठी काठीच्या दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे लावून पट भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच दूर ठेवावा, म्हणजे मागून हवा खेळते. आषाढ-श्रावणात तो उतरवून, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवलेला बरा. घडी घालू नये, कारण घडीची रेघ विणीवर राहते. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, फक्त खऱ्या लोकरीला लागते, अॅक्रिलिकला तिला खाण्यासारखे काही नसते. पण मिश्र पटात लोकरीचे भाग खाल्ले गेले की शेजारची वीणही सुटते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आपली जुनी पद्धत मी पाळते, मात्र तिच्यावर भिस्त न ठेवता दर महिन्याला पट उघडून झटकते. कसरीला अंधार आणि शांतता लागते.

प्रश्न : सासूबाईंच्या हातचे तीन स्वेटर आहेत. कोपरांवर आणि काखेत विरले आहेत, घालता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. ते उसवून अशा पटासाठी वापरणे योग्य होईल का? उसवलेल्या लोकरीच्या कुरळ्या धाग्यांचे काय करावे?
(एक वाचिका, मिरज)

उत्तर : वापरावेत, पण सबंध उसवू नयेत. एखाद्याच्या हाताची ओळख धाग्यात नसते, ती टाक्यात असते; सासूबाईंचा हात घट्ट होता की सैल, त्या बाहीची पट्टी एक सुलट एक उलट अशी विणत की दोन-दोन, हे स्वेटर उसवला की नाहीसे होते. म्हणून गळ्याची पट्टी, बाहीचे मनगट, वेलबुट्टीचा एखादा पट्टा असे जे भाग धड आहेत ते जसेच्या तसे ठेवावेत आणि त्यांच्या कडांतून टाके उचलून आपले विणकाम बाहेर न्यावे. विरलेला भाग तेवढा उसवावा.

उसवताना आधी बाजूची शिवण सोडवावी. ती कापण्याची घाई करू नये, कारण कात्री विणीत गेली तर धाग्याचे तुकडे होतात. जिथे टाके बंद केले आहेत त्या टोकापासून धागा ओढत, तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करावी आणि ती चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी. खऱ्या लोकरीची लडी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, खाली लहानसे वजन लावून सावलीत टांगली की कुरळेपणा बराचसा जातो. अॅक्रिलिकचा सहसा जात नाही. स्वेटरसाठी अशी लोकर त्रासदायक ठरली असती. आपल्या कामात तोच कुरळा धागा सैल हाताने विणला तर मेंढीच्या पाठीसारखा उठावदार पोत येतो, तेव्हा काही लड्या न धुता मुद्दाम तशाच ठेवाव्यात.

जे भाग जपायचे आहेत त्यांच्याबाबत एवढी काळजी घ्यावी. मनगट स्वेटरपासून वेगळे करण्यापूर्वी, जिथून वेगळे करायचे त्याच्या एक ओळ अलीकडे, मनगटाच्या बाजूला, प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईने ओवून घ्यावा. एकही टाका दोऱ्याबाहेर राहिला तर तो खालपर्यंत निसटत जातो. दोरा ओवून झाल्यावर टाके दोनदा मोजावेत, आणि मगच पलीकडच्या ओळीतला एक टाका कापून ती ओळ हलक्या हाताने ओढून काढावी.